विकतची प्रणाली कीं मोकळी?

आमच्या शाळेच्या संगणकगृहासंबंधानें यंदा पालकांकडून एकच प्रश्न वारंवार आला. लिनक्स ही फुकटची प्रणाली मुलांस शिकवून लाभ काय? कचेऱ्यांतून विंडोज चालते, नोकरी कचेरींतच मिळावयाची, मग शाळेनें ही आडवाट कां धरावी? प्रश्न रास्त आहे, व तो विचारणाऱ्यांचे आम्ही आभारी आहों.

लिनक्स फुकट मिळते हें खरें. पण तिचा मुख्य गुण फुकटपणा नसून मोकळेपणा होय. ह्या मोकळेपणाची कथा एका छापयंत्रापासून सुरू होते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत असत. तेथील जुन्या छापयंत्रांत कागद अडकला म्हणजे ज्यांचें काम खोळंबलें त्यांच्या पडद्यावर तशी सूचना उमटावी, अशी योजना त्यांनीं त्याच्या आज्ञावलींत केली होती. पुढें झेरॉक्स कंपनीचें नवें यंत्र आलें. परंतु त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर त्यांस मिळेना. मागावयास गेले, तों गुप्ततेचा करार आड आला. कागद अडकतच राहिला, आणि ज्याला तो दोष निवारतां आला असता तो हात चोळीत बसला. १९८३ सालीं स्टॉलमन यांनीं ग्नू या मोकळ्या प्रणालीची घोषणा केली. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें तिला लागणारा गाभा लिहिला, तोच लिनक्स. तिचा मूळ मजकूर वाचण्याची, बदलण्याची व प्रत शेजाऱ्यास देण्याची मुभा परवान्यांतच आहे. बाजारच्या मसाल्याची पुडी आणि आईनें सांगितलेलें मसाल्याचें प्रमाण, एवढा हा भेद.

आम्हांस अधिक टोंचणारी गोष्ट निराळीच आहे. विकतची प्रणाली पुष्कळ घरीं विकत घेतलेली नसतेच. गल्लींतील दुरुस्तीवाला थोडक्या पैशांत चोरटी प्रत घालून देतो, आणि सगळेच असें करितात, हें वाक्य मुलाच्या कानीं पडतें. सकाळच्या प्रार्थनेंत दहा आज्ञा शिकावयाच्या व सायंकाळीं चोरीच्या प्रतीवर निबंध लिहावयाचा, यांतील विसंगति मुलांच्या नजरेंतून सुटत नाहीं. विक्रेत्यानें आपल्या श्रमाचें मोल मागावें यांत गैर कांहीं नाहीं. पण ज्यास तें परवडत नाहीं त्यास प्रामाणिक वाट ठाऊक तरी असावी.

खर्चाची दुसरी बाजूही आहे. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नित्याचा आधार थांबविला. २०२१ सालीं निघालेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें धडधाकट यंत्रें केवळ प्रणालीअभावीं अडगळींत जाऊं लागलीं. अशा यंत्रावर लिनक्स मिंट घातली असतां लेखन, हिशेबाचे तक्ते, आंतरजाल इत्यादि कामें तें आणखी कांहीं वर्षें सुखानें करतें.

आतां दोष. कांहीं छापयंत्रें व स्कॅनर लिनक्सला ओळखच देत नाहींत. वर्डमध्यें मांडलेली प्रश्नपत्रिका लिब्रेऑफिसमध्यें उघडली कीं कित्येकदां कोष्टकें सरकतात. ज्यांचें दुकान टॅलीवर किंवा छपाईचें काम कोरलड्रॉवर चालतें, त्यांनीं तें यंत्र विंडोजवरच ठेवावें. आमच्या उत्साहास बळी पडूं नये. जर्मनींतील म्यूनिक शहराच्या पालिकेनें २००३ सालीं लिनक्सकडे जाण्याचें ठरविलें, हजारों यंत्रें पालटलीं, आणि २०१७ सालीं पुनः विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. हा दाखला आमच्या विरुद्ध जातो, तरी तो लपविणें बरें नव्हे.

परंतु शाळा म्हणजे पालिकेची कचेरी नव्हे. केरळांतील सरकारी शाळांतून कित्येक वर्षें लिनक्सवरच संगणक शिकवितात, व दहावीची त्या विषयाची परीक्षाही तिच्यावरच होते. फाईल जपून ठेवणें, तक्त्यांत सूत्र घालणें, मराठी टंकणें या गोष्टी एका प्रणालीवर साधल्या कीं दुसरीवर थोड्याच दिवसांत जमतात. इनस्क्रिप्ट कळफलक तर दोहोंवर एकच आहे. शिवाय लिब्रेऑफिसच्या मराठी रूपांत एखादा शब्द ओबडधोबड वाटला तर आमची नववींतील विद्यार्थिनीही दुरुस्ती सुचवूं शकते. विकतच्या प्रणालींत तिला तो शब्द निमूटपणें वाचावा लागेल.

म्हणून संगणकगृहांत दोन यंत्रें विंडोजचीं व बाकीचीं लिनक्सचीं असावींत, असें आमचें मत आहे. ज्या पालकांस घरीं पाहावयाचें असेल त्यांनीं मुलाबरोबर ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह पाठवावा. त्यावरूनच लिनक्स मिंट चालवून पाहतां येते. घरच्या यंत्रांतील कांहीं पुसावें लागत नाहीं. आपलें छापयंत्र ती ओळखते कीं नाहीं, तें मात्र आधीं पाहून घ्यावें.