थंडीत आखडलेले रील



या महिन्यात कोकणातल्या एका आपांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा कॅनडात, टोरांटोच्या उत्तरेला नोकरीला आहे. तिथले लेक सिमको हे मोठे तळे हिवाळ्यात गोठते आणि लोक बर्फाला भोक पाडून पर्च, व्हाइटफिश, ट्राउट असे मासे गरवायला बसतात. मुलगा मरहूम वालिदांचे रील सोबत घेऊन गेला आहे. आपल्याकडे धक्क्यावर ते वर्षानुवर्षे विनातक्रार चालले. तिथे उणे १५ अंशांत मात्र आधी हँडल जड झाले, मग मासा लागताच ते उलटे फिरले आणि मासा सुटला. दुकानदाराने सांगितले, जुने झाले, टाकून द्या. आपा विचारतात, "त्यांच्या हातचे रील आहे. टाकायलाच हवे का?"

आपा, घाई करू नका. ही लक्षणे मोडलेल्या रीलपेक्षा चुकीच्या ग्रीसची जास्त वाटतात. तुम्ही लिहिले आहे की इथल्या गॅरेजमध्ये गाडीच्या चाकाचे ग्रीस भरून घेतले होते. आपल्या दमट, खाऱ्या हवेला ते चालून गेले. बर्फावर ते चालणार नाही.

ग्रीस थंडीत का आखडते?

ग्रीस म्हणजे मुळात तेलच. लिथियम किंवा कॅल्शियमच्या साबणासारखा घट्ट करणारा पदार्थ ते तेल स्पंजासारखे धरून ठेवतो. खरे वंगण करते ते तेल. खनिज तेलात थोडे मेण असते आणि कडक थंडीत ते गोठू लागते. खोबरेल तेलाची बाटली थंडीच्या सकाळी कशी पांढरी होऊन बसते, हे आपल्या घरात सर्वांनी पाहिले आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते, खनिज तेल त्याच्या कितीतरी खाली, पण प्रकार तसाच. कारखान्यात बनवलेल्या सिंथेटिक तेलात, विशेषतः पीएओ या जातीच्या तेलात, मेण नसते. म्हणून ते फार खालच्या तापमानापर्यंत वाहते राहते.

डब्यावर काय वाचावे?

बहुतेक डब्यांवर एनएलजीआय क्रमांक असतो: ०, १, २ असा. २ क्रमांक सर्वांत जास्त मिळतो. १ त्याहून मऊ, ० आणखी मऊ. पण हा मऊपणा २५ अंशांना मोजलेला असतो. म्हणजे २ क्रमांकाची दोन ग्रीसे दुकानात सारखीच वाटतील, आणि उणे २० ला एक लोण्यासारखे राहील, तर दुसरे मेणबत्तीसारखे होईल. क्रमांकावर न थांबता पुढच्या गोष्टी पाहा.

पहिली, बेस ऑइल सिंथेटिक आहे का. दुसरी, त्या तेलाचा दाटपणा. माहितीपत्रकात तो ४० अंशांना सेंटीस्टोकमध्ये दिलेला असतो. चाकाच्या ग्रीसमध्ये तो बहुधा १५० ते २२० असतो, तर थंडीसाठीच्या ग्रीसमध्ये साधारण १५ ते ३०. तिसरी, वापराची खालची मर्यादा. तिथे उणे ४० लिहिले असेल तर त्या थंडीत मशीन ते ग्रीस फिरवू शकते, एवढाच त्याचा अर्थ. रीलचे छोटे हँडल आपण दोन बोटांनी फिरवतो, म्हणून नेहमीच्या थंडीपेक्षा पंधरा-वीस अंश खालची मर्यादा असलेले ग्रीस घ्यावे.

एक गैरसमजही दूर करू. हवामानाच्या बातम्यांत "वाऱ्यामुळे उणे ३० जाणवेल" असे सांगतात. तो आकडा माणसाच्या कातडीसाठी आहे. वाऱ्याने रील लवकर थंड होईल, पण हवेच्या खऱ्या तापमानाखाली जाणार नाही. ग्रीस निवडताना खरे तापमानच धरावे.

ईस्टर जातीच्या तेलाची ग्रीसे थंडीत उत्तम असतात, पण काही प्लास्टिक आणि रबर त्यांनी फुगते किंवा तडकते. रीलमध्ये प्लास्टिकचे भाग बरेच असतात. म्हणून प्लास्टिकला चालते असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले पीएओचे ग्रीस बरे. व्हॅसलीन लावू नये, तेही थंडीत घट्ट होते.

सगळीकडे ग्रीस नको

दुकानदाराला दिसलेला दोष बहुधा इथेच आहे. हँडल उलटे फिरू नये म्हणून रीलमध्ये एकतर्फी बेअरिंग असते. त्यात बारीक रोलर असतात आणि नाजूक स्प्रिंगा त्यांना ढकलून जागेवर अडकवतात. जुन्या रीलमध्ये त्याऐवजी दातेरी चाक आणि स्प्रिंगची अडसर असते. तिथे ग्रीस गेले आणि गारठ्याने घट्ट झाले, की स्प्रिंगची ताकद अपुरी पडते, रोलर अडकत नाहीत आणि हँडल मागे सुटते.

तेव्हा वाटणी अशी करावी:

• मुख्य दातेरी चाके: सिंथेटिक ग्रीसचा पातळ थर, फक्त दातांवर. पोकळी भरू नये.
• एकतर्फी बेअरिंग किंवा अडसर: ग्रीस अजिबात नाही. अगदी पातळ सिंथेटिक तेलाचा एखादा थेंब पुसटसा.
• बॉल बेअरिंग, मधला दांडा, तंगूस ज्यावरून वळते तो छोटा रोलर: पातळ तेलाचा एकेक थेंब.
• ड्रॅगच्या चकत्या: ड्रॅगसाठी म्हणून मिळणारेच ग्रीस, तेही पुसून उरेल एवढे. इथे घट्ट ग्रीस असेल तर चकती आधी चिकटून राहते, मग झटक्याने सुटते. बर्फावरची तंगूस बारीक असते, त्या झटक्यात ती तुटते.

जुने ग्रीस पूर्ण काढा

नवे ग्रीस जुन्यावर चढवू नये. वेगवेगळ्या जातीची ग्रीसे एकमेकांत मिसळली तर कधी पातळ होऊन गळतात, कधी घट्ट होतात. मुलाला सांगा, रील उघडताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढ, म्हणजे जोडताना वॉशरचा क्रम चुकणार नाही. धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने धुवावेत, पूर्ण वाळवावेत. हे काम खिडकी उघडून, शेगडी आणि हीटरपासून दूर करावे. त्याची वाफ पेट घेते.

घरच्या घरी परीक्षा

घरातला फ्रीझर साधारण उणे १८ अंशांचा असतो. दोन-तीन प्रकारच्या ग्रीसचा एकेक ठिपका बाटलीच्या झाकणांवर लावावा, पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा आणि सकाळी काडीने ढवळून पाहावा. फरक लगेच कळतो. रील जोडल्यावर तेही घट्ट पिशवीत घालून तीन तास ठेवावे. बाहेर काढताच तीन गोष्टी पाहाव्यात: हँडल सहज फिरते का, मागे ओढल्यावर जागीच थांबते का, ड्रॅग झटका न देता सुटतो का. नंतर बाहेरून आलेला दमटपणा पुसून, रील उघड्यावर वाळू द्यावे.

स्वच्छ करूनही, घरच्या उबेतसुद्धा हँडल उलटे फिरत असेल, तर मात्र बेअरिंग किंवा स्प्रिंग झिजली आहे. तेवढा भाग बदलता येतो का ते आधी विचारावे, संपूर्ण रील टाकण्याचे कारण नाही.

बर्फावर आणखी एक काळजी घ्यावी. रील उबदार तंबूतून बाहेर आणि बाहेरून आत असे सारखे नेले, की त्यावर दव धरते आणि पुढच्या खेपेला ते आत गोठते. अशा वेळी दोष पाण्याचा असतो, ग्रीसचा नाही. मासेमारी चालू असेपर्यंत रील थंडीतच राहू द्यावे.

आणि आपा, मुलगा सुट्टीत घरी येताना ते रील घेऊन आला, तर तसेच धक्क्यावर नेऊ देऊ नका. थंडीसाठी लावलेला पातळ थर खाऱ्या पाण्यापुढे टिकणार नाही, गंज लवकर धरेल. आपल्या किनाऱ्यावर पाण्याने न धुतले जाणारे मरीन ग्रीस हवे, आणि रोज वापरानंतर गोड्या पाण्याचे ओले फडके फिरवून रील कोरडे करायला हवे. तेवढे सांभाळले तर हे रील इन्शाअल्लाह अजून बरीच वर्षे चालेल, तिथेही आणि इथेही.