आजोबांचा मेंदू

आमच्या घरी संगणक आला तो २०१२ च्या दसऱ्याला. सौ.ने त्याला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. आज घरात सारे त्याला 'आजोबा' म्हणतात. बटण दाबल्यापासून ते जागे होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही होतो.

यंदा कन्या गोंदियाच्या कॉलेजात संगणकशास्त्राला गेली आणि आजोबांच्या प्रकृतीचा प्रश्न निकडीचा झाला. "बाबा, लॅपटॉप नको. नुसता प्रोसेसर बदलू," ती म्हणाली. तिचा हा समंजसपणाच मला अधिक टोचला. वाचकहो, मी मराठीचा प्राध्यापक खरा, पण तासिका तत्त्वावरचा. जितके तास शिकवावे तितक्यांचे मानधन, आणि तेही कधी हाती पडेल ते पंचांगात सापडत नाही. डब्यात सहा हजार रुपये होते, त्यांत तिचा बसचा पासही यायचा होता.

आजोबांना चादरीत गुंडाळून कामठ्याहून बसने गोंदियाला नेले. दुरुस्तीवाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. व्याकरणात मी त्याला दोनदा नापास केले होते. त्याने ते मनात ठेवलेले दिसले नाही.

"सर, हा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री," झाकण उघडून तो म्हणाला. "प्रोसेसर बसतो ती खोबण ११५५ टोकांची. तिच्यात दुसरी आणि तिसरी, दोनच पिढ्या बसतात."

म्हणजे इथेही गोत्र जुळावे लागते तर!

तिसऱ्या पिढीचा, चार गाभ्यांचा आय-फाइव्ह जुन्या मालात मिळेल, असे तो म्हणाला. पण मदरबोर्ड त्याच्याही आधीचा. त्याचा बायोस अगोदर नवा करावा लागेल, आणि ते काम चालू असताना लाइट गेली तर बोर्डच कायमचा आडवा होण्याची भीती. लाइट काय, गोंदियातही विचारून जात नाही. शिवाय विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमची मजल तिसऱ्यापर्यंत. इतके करून दार बंदच!

मी उठू लागलो, तर त्याने बसवले. यंत्र सुरू करून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचे काम पंधरा टक्के, डिस्कचे शंभर. "मेंदू रिकामाच बसलाय, सर. आजोबांचे पाय चालत नाहीत."

मला आमच्या ग्रंथालयातला शिपाई आठवला. पुस्तकाची चिठ्ठी दिली की तो एकेक कपाट उघडत फिरतो. प्राध्यापक कितीही हुशार नेमा, पुस्तक येईपर्यंत त्याने खिडकीबाहेरच बघायचे! जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि टोचा जागा शोधत हिंडतो. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, म्हणून शोधाशोधही नाही. रॅमही अवघी दोन जीबी. ती अपुरी पडली की यंत्र पुन्हा त्याच डिस्ककडे धावते.

तेव्हा प्रोसेसरला हात लावला नाही. एसएसडी, आठ जीबी वापरलेली रॅम आणि विंडोजच्या जागी फुकटातला लिनक्स. मजुरी त्याने घेतली नाही. मी आग्रह केला, पण, खरे सांगतो, फार नाही.

घरी आल्यावर मात्र माझे धाबे दणाणले. बारा वर्षांत गावोगाव फिरून जमवलेले झाडीबोलीचे शब्द मी त्या यंत्रात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केले होते. जुन्या डिस्कवरून फाइल उतरली खरी, पण उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला! युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. मी दुरुस्तीवाल्याला फोन करायला निघालो.

"थांबा हो बाबा," कन्या म्हणाली. कोणत्या खुणेचे कोणते अक्षर, याचा तिने वहीत तक्ता मांडला आणि कॉलेजात नुकत्याच शिकलेल्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री धानाच्या कापणीवरून दमून आलेले शेजारीही झोपले होते, आणि ती पडद्यासमोर बसून एकेक शब्द पडताळत होती.

"बाबा, इथे 'पानी' झालंय. 'ण' करू का?"

"नको," मी म्हटले. "तो 'न'च आहे."