यादीतील नाव आणि कोशकाराची जबाबदारी

कोशातील संस्थाविषयक नोंदीच्या अखेरीस नामवंत माजी विद्यार्थ्यांची किंवा सदस्यांची यादी जोडण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. नोंदीतील विधान वाचक तपासून पाहतो. यादीतील नाव मात्र तो निमूटपणे स्वीकारतो. म्हणूनच त्या यादीत कोणाला स्थान द्यावे, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी कोशाच्या विश्वसनीयतेशी निगडित आहे.

या याद्यांत पहिला दोष शिरतो तो संबंधांच्या सरमिसळीमुळे. लोकमान्य टिळक आणि आगरकर हे दोघेही डेक्कन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८८५ साली स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाशी त्यांचे नाते संस्थापकाचे आणि अध्यापकाचे होते. आगरकर तर पुढे तेथे प्राचार्य झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. सिडनहॅम महाविद्यालयात ते १९१८ पासून प्राध्यापक होते. अशी नावे ‘माजी विद्यार्थी’ या सदराखाली घालणे म्हणजे संस्थेचा गौरव वाढविण्यासाठी चरित्राचा बळी देणे होय.

वाङ्मयीन मंडळांच्या बाबतीत हा गुंता अधिक वाढतो. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे हे सदस्य होते. त्यांच्या धाटणीची कविता लिहिली म्हणून एखादा समकालीन कवी मंडळाचा सदस्य ठरत नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाचा त्या काळातील कवितेशी निकटचा संबंध आहे. परंतु संबंध म्हणजे सदस्यत्व नव्हे. उलट, उत्तरकालीन कीर्ती हाच निकष मानला तर मनोरमाबाईंसारखे नाव सहज गळून पडेल आणि मंडळाचे चित्र अपुरे राहील.

यावर उपाय म्हणून केवळ कागदोपत्री पुरावा प्रमाण मानावा, पदवी असेल त्यालाच माजी विद्यार्थी म्हणावे, असे सुचविले जाते. हा निकष काटेकोर आहे, पण न्याय्य नाही. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. स्त्रियांना पदवी देण्याचा नियम त्या विद्यापीठाने १९२० साली केला. पदवीचाच आग्रह धरल्यास मधली सुमारे तीन दशके त्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थिनीच नव्हत्या, असे मानावे लागेल. ज्या संस्थेने एखाद्यास पदवी नाकारली, त्याच संस्थेच्या नकाराला कोशकाराने प्रमाण मानणे हा त्या अन्यायाचा पुनरुच्चार ठरतो.

तात्पर्य, निकष कीर्तीचा नसावा आणि केवळ पदवीचाही नसावा. तो प्रत्यक्ष घडलेल्या संबंधाचा असावा. ज्याने संस्थेत रीतसर प्रवेश घेऊन अध्ययन केले तो माजी विद्यार्थी. पदवी मिळाली की नाही, हे नावापुढे स्वतंत्रपणे नोंदवावे. ज्याला मंडळाने आपला मानले आणि ज्याने स्वतःला मंडळाचा मानले तो सदस्य. अध्यापक, संस्थापक, आश्रयदाते आणि सहानुभूतिदार यांची सदरे वेगळी असावीत. निकष यादीच्या आरंभीच सांगितलेला असावा आणि प्रत्येक नावामागे आधार असावा.

अशा काटेकोरपणामुळे याद्या आखूड होतील, काही संस्थांचा हिरमोडही होईल. त्याला इलाज नाही. संस्थेची स्मरणिका आणि कोश यांची प्रयोजने भिन्न आहेत. स्मरणिकेला अभिमान शोभतो. कोशाला मात्र गाळलेल्या आणि घातलेल्या प्रत्येक नावाचे उत्तर द्यावे लागते.