व्याधिक्षमत्वाचा खरा अर्थ

भारतातील पहिल्या कोरोना रुग्णाची नोंद ३० जानेवारी २०२० रोजी केरळमधील त्रिशूर येथे झाली. चीनमधील वूहान येथे वैद्यकीय शिक्षण घेणारी ती विद्यार्थिनी उपचारांनंतर पूर्ण बरी झाली. पुढे जुलै २०२१ मध्ये प्रवासापूर्वीच्या तपासणीत तिला पुन्हा संसर्ग झाल्याचे आढळले. मात्र या वेळी कोणतीही लक्षणे नव्हती. या दोन नोंदींमध्ये या विषाणूचा आणि मानवी शरीराचाही स्वभाव सामावलेला आहे.

२०२० च्या अखेरीस घरोघरी एक वाक्य ऐकू येत असे, ‘एकदा होऊन गेला, आता चिंता नाही.’ गोवर, कांजिण्या यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ही समजूत दृढ झाली होती. परंतु कोरोना त्या कुळातला नव्हे. माणसाला सर्दीपडसे देणारे त्याचे चार भाऊबंद फार पूर्वीपासून आपल्यात वावरत आहेत आणि ते वर्षभरानंतर त्याच माणसाला पुन्हा गाठतात, हे हॉलंडमधील संशोधकांनी २०२० मध्येच दाखवून दिले होते.

असे का होते? संसर्गानंतर रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरू लागतात. नाकाच्या व घशाच्या अंतस्त्वचेवरील पहारा तर त्याहूनही लवकर ढिला पडतो. शिवाय विषाणू आपले काटेरी प्रथिन बदलत राहतो; नोव्हेंबर २०२१ मध्ये जगासमोर आलेल्या ओमायक्रॉनने हेच केले. त्यामुळे दारावरचा पहारेकरी त्याला ओळखू शकत नाही. मात्र शरीरातील स्मृतिपेशी आणि टी-पेशी दीर्घकाळ सावध असतात. शत्रू आत शिरला, तरी त्या सहसा त्याला फुप्फुसांपर्यंत थैमान घालू देत नाहीत. संसर्ग टळत नाही, पण आजाराची तीव्रता बहुधा कमी होते.

आयुर्वेदाच्या अभ्यासकांना येथे एका जुन्या संज्ञेची आठवण होईल. चरकसंहितेत ‘व्याधिक्षमत्व’ हा शब्द येतो. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त त्याचे दोन अर्थ सांगतात : रोग उत्पन्नच न होऊ देणे आणि उत्पन्न झालेल्या रोगाच्या बळाला विरोध करणे. चरकांना विषाणू ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. तसा दावा आपल्या परंपरेचा गौरव नव्हे, अवमान ठरेल. परंतु हा भेद मोलाचा आहे. कोरोनाच्या बाबतीत आपण पहिले बळ गृहीत धरले. प्रत्यक्षात टिकाऊपणे लाभते ते दुसरे. आणि सर्वच शरीरे व्याधिक्षमत्वाला समर्थ नसतात, हेही चरकांनी त्याच ठिकाणी बजावले आहे.

या गृहीतकाची किंमत आपण मोजली आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या पाहणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. ‘आता समूहाला प्रतिकारशक्ती आली’ असा सूर निघाला. परंतु त्याच पाहणीत झोपडपट्टीबाहेरच्या वस्तीतील प्रमाण जेमतेम १६ टक्के होते! वस्तीतील कष्टकऱ्यांच्या आकड्यावर सोसायटीतील मध्यमवर्ग निर्धास्त झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडून दुसऱ्या लाटेची चाहूल लागली, तेव्हा समारंभ सुरू होते आणि मुखपट्ट्या हनुवटीवर आल्या होत्या. त्यानंतरचे एप्रिल-मे कोणते कुटुंब विसरू शकेल?

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. काढा, प्राणायाम, सात्त्विक आहार यांचे जीवनातील स्थान निर्विवाद आहे. परंतु ‘माझी प्रतिकारशक्ती उत्तम आहे’ हा अहंकार आपल्यातील अनेकांना होता. सेवाकार्यात जिवाची पर्वा न करणे हे शौर्य खरे. पण लक्षणे नसताना संसर्ग घरी नेऊन तो वृद्ध आईवडिलांना देणे, याला शौर्य म्हणता येत नाही.

स्वदेशीचा अभिमान बाळगायचा तर तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा बाळगावा. तेथे वेगळ्या केलेल्या विषाणूपासूनच कोव्हॅक्सिन ही लस सिद्ध झाली. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या लसीकरणाने १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी मात्रांचा टप्पा गाठला. आजार होऊन गेलेल्यांनाही लसीमुळे अधिक बळकट संरक्षण लाभले. लसीनेही संसर्ग सर्वस्वी थांबला नाही, म्हणून ती व्यर्थ ठरत नाही; व्याधीचे बळ मोडणे हेच तिचे मुख्य कार्य होते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे घोषित केले. विषाणू संपल्याचे नव्हे. निरोगी तरुणाला आज तो साध्या पडशासारखा वाटेल. परंतु त्याच घरात मधुमेही आजोबा असतात, शेजारी कर्करोगावर उपचार घेणारी भगिनी असते. म्हणून ताप-खोकला असताना बैठकीला, मंगलकार्याला न जाणे, मुखपट्टी लावणे, ज्येष्ठांच्या बाबतीत वैद्यांचा सल्ला वेळेवर घेणे ही भीती नव्हे, ते कर्तव्य आहे. समाज हे एक शरीर आहे, असे आपण मानतो. त्या शरीरातील सबल अवयवांनी दुर्बलांचे रक्षण करावे, हेच समाजाचे खरे व्याधिक्षमत्व होय.