बाहुलीला पद्मश्री, जमातीला पुरावा

बोदलकसा तलावाजवळच्या एका गोंड कुटुंबात परवा कागद पाहायला गेलो होतो. मुलाच्या जात वैधतेचे प्रकरण. बाप फाईल उलगडत होता आणि धाकटी पोरगी मोबाईलवर कार्टून बघत होती. चित्रे कोण हलवतो, असे तिने मला विचारले. वकिलाला असे प्रश्न कोणी विचारत नाही!

मला आठवले ते राज्याच्या दुसऱ्या टोकाचे पिंगुळी. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या या गावातले ठाकर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या चित्रे दाखवत, बाहुल्या नाचवत आले. चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि गात गात कथा पुढे न्यायची. कळसूत्री म्हणजे दोरीवरची लाकडी बाहुली. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पडद्यामागे दिवा लावून होतो. भारतीय ॲनिमेशनचा इतिहास दादासाहेब फाळक्यांच्या १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’पासून सांगतात. ते खरेच आहे. पण चित्रांतून गोष्ट चालवणारे हे हात त्या इतिहासाच्या तळटीपेतही नसतात. कथा रामायण-महाभारतातल्या, हा आपला जुना वाद. तो आज काढत नाही. हात कोणाचे, एवढेच विचारतो.

त्या हातांपैकी एक परशुराम गंगावणे. देवळातला खेळ आणि त्यावरची तुटपुंजी बिदागी यावर घर चालत नाही म्हणून अनेकांनी बाहुल्या पेटीत ठेवल्या. गंगावण्यांनी ठेवल्या नाहीत. जनजागृतीचे विषय बाहुल्यांच्या तोंडी घातले, मुलांना कला शिकवली आणि गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले : ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आनंदच आहे.

पण याच ठाकरांना कायद्याने कसे वागवले? १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकरांसाठी ठराविक जिल्ह्या-तालुक्यांची अट होती. त्यात तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा नव्हता, आणि पिंगुळी त्याच जिल्ह्यात होती. म्हणजे नाशिकचा ठाकर आदिवासी, पिंगुळीचा नाही! अट गेली, तरी ‘आप्तभाव चाचणी’ राहिली. तुमचे देव कोणते, लग्नविधी कोणते, नाच कोणता? शाळा शिकून शहरात गेलेला पोरगा अडखळला की दावा फेटाळा. शिकलात तर आदिवासी उरला नाहीत, हे कुठले न्यायशास्त्र?

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठाकूर जमातीच्याच प्रकरणात स्पष्ट सांगितले की ही चाचणी अंतिम कसोटी नव्हे आणि संविधानापूर्वीच्या कागदांना सर्वाधिक पुराव्याचे मोल आहे. निकाल चांगला आहे. पण गावोगाव भटकून खेळ करणाऱ्यांनी संविधानापूर्वीचा कागद आणायचा कुठून? त्यांच्या पेटीत चित्रे होती, सातबारा नव्हता. सरकार एका हाताने कला गौरवते आणि दुसऱ्या हाताने त्याच जमातीच्या लेकरांना आजोबांचा दाखला मागते. गौरव करताना जमात मान्य असते, प्रवेश देतानाच शंका का येते?

बोदलकशातल्या त्या बापाकडे आजोबांचा शाळेचा दाखला नाही. आजोबा शाळेतच गेले नव्हते. कोतवाल बुकात जन्माची नोंद सापडेल, असे त्याला वाटते. सोमवारी तिरोड्याला जाऊन नकलेचा अर्ज करायचा आहे.