पहिल्या रांगेत कोण बसणार?

दिवाळीत झरी जामणी तालुक्यातल्या गोंड-कोलाम पोडांवर दंडार रंगते. ढोल घुमतात, मोरपिसांचे टोप चढतात, एका गावची मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी जाऊन नाचतात. याच पोडांभोवतीच्या कापूसपट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती घरांतला कर्ता माणूस गेला, हे यवतमाळच्या वाचकाला सांगायला नको. इथे युद्ध झालं नाही. पण मागे उरलेल्या बायकापोरांनी जे सोसलं, ते युद्धाहून कमी नाही.

महायुद्धात होरपळलेल्या जपानमध्ये तात्सुमी हिजिकाता यांनी १९५९ साली बुतो नृत्य रंगमंचावर आणलं. शब्दांत न मावणारं तिथे देहातून बोललं गेलं. आपल्याकडे ते काम ‘तेरवं’ या नाटकाने केलं. लेखन श्याम पेठकरांचं, दिग्दर्शन हरीश इथापे यांचं, आणि रंगमंचावर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी आणि मुली. जिला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, सातबाऱ्यावर नाव लावायला भावकी आडवी येते, नवऱ्याचं मरण मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ऐकायला जी तहसीलच्या पायऱ्या झिजवते, ती बाई इथे दिव्यांच्या उजेडात उभी राहून स्वतः बोलते. नट कितीही मोठा असो, हे त्याला साधणार नाही.

यातल्याच एक कलावंत, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे, यांच्या हस्ते ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. या उद्घाटनासाठी आधी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेणं चूकच होतं, हे आजही ठामपणे म्हणावंसं वाटतं. पण त्या दिवशी येडेताईंनी व्यासपीठाची लाज राखली.

जखमा पुन्हा का उकलायच्या, असं काही जण विचारतात. उकलायच्या की नाही, हे त्या बाईनेच ठरवावं. मात्र तिने बोलायचं ठरवलं, तर ऐकणारे फक्त पुण्या-मुंबईचे नसावेत. असे प्रयोग झरी, मुकुटबन, पाटणला व्हायला हवेत. दंडारीच्या पाहुण्यांना पंगत वाढणाऱ्या या मुलखाला या बायांचं स्वागत जड नाही.

म्हणून ग्रामपंचायती, महाविद्यालयं आणि मंडळांना आमची कळकळीची विनंती: या बायांना बोलवा, जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन रोख द्या, आणि पहिल्या रांगेत भावकीला बसवा.