अशक्तपणाची तहकिकात

मध्यमवर्गीय आणि कष्टकरी अशा दोन्ही प्रकारच्या घरांत जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि जिच्यावरचे औषध मात्र सर्वांत बिनदिक्कत विकत आणले जाते, अशी एक तक्रार आहे, ती म्हणजे अशक्तपणा. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पोटऱ्या ओढू लागतात, बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाण्याची विलक्षण वासना होते. आणि यांपैकी काहीही घरच्या स्त्रीने बोलून दाखविले, की दगदग फार झाली असेल, उपास सोसला नसेल, वयच आता तसे झाले, असे सांगून तिची समजूत घातली जाते, व फारच झाले तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ‘ताकदीची’ बाटली येते. ती आणणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, याविषयी मला शंका नाही. परंतु अशक्तपणा हे लक्षण आहे, आणि लक्षणाची तहकिकात न करता त्यावर औषधाचा मारा करणे हा आजारी माणसावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा अशक्तपणामागे पुष्कळदा रक्तक्षय असतो, आणि ही बाब किरकोळ नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याआधीच्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या शंभर मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे, हा सर्वमान्य दंडक. आणि आपल्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया त्याखाली आहेत. लोहाच्या गोळ्या वाटण्याची सरकारी योजना १९७० सालापासून चालू असताना ही स्थिती असावी, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

या विषयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईतच घडले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि कापडगिरण्यांतील मजूर कुटुंबांतल्या गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या एका भयंकर पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास आरंभिला. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत, पण संख्येने घटत. आणि बाळंतपणात त्यांच्या जिवावर बेते. विल्सबाईंनी त्यांच्या आहाराची, राहणीची, जंतुसंसर्गाच्या शक्यतेची बारकाईने छाननी केली, आणि अखेर यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट या स्वस्त पदार्थाने, हा रोग हटतो असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात जे द्रव्य गुण देत होते, तेच पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले, आणि आज गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या सरकारी लोहगोळीत ते असते. परळच्या चाळींतल्या त्या निनावी स्त्रियांचे जगभरच्या मातांवर केवढे ऋण आहे! त्यांच्या दुखण्याला गरिबीची स्वाभाविक म्लानता समजून कोणी सोडून दिले असते, तर हे ज्ञान लाभण्यास आणखी किती काळ लागला असता, कोण जाणे.

रक्तक्षय एकच नसतो, हा या प्रकरणाचा मुख्य इत्यर्थ. पुष्कळदा लोहाचीच उणीव असते हे खरे. परंतु शुद्ध शाकाहारी माणसाच्या, तसेच मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या शरीरात बी-१२ या जीवनसत्त्वाचा तुटवडा पडण्याचा संभव असतो, आणि मग तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, स्मृती मंदावते. अशा माणसाने नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. थॅलॅसेमियाचा अंश आईबापांकडून आलेला असला, तर पेशी लहान दिसतात, तरीही लोह कमी नसेल तर लोहाच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडील आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणी टाळून चालत नाही. आणि पन्नाशीपुढच्या पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीच्या रक्तातील लोह घटले असेल, तर आतड्यांतून नकळत रक्त जात नाही ना, तेथे व्रण किंवा कर्करोग नाही ना, हे पाहणे डॉक्टरांना भाग असते. टॉनिकच्या बाटलीने अशा रोग्याला चार दिवस बरे वाटले, तर त्या चार दिवसांची किंमत फार मोठी पडू शकते.

आहाराविषयी आपल्याकडे श्रद्धा पुष्कळ आणि विचार थोडा. गूळशेंगदाण्याने रक्त वाढते अशी समजूत आहे. गुळात लोह असते, पण एकदा घटलेले रक्त भरून काढण्याइतके ते नसते. अळिवाचे लाडू, मोड आलेली कडधान्ये, लोखंडी कढईतली भाजी यांचा खरोखरच उपयोग होतो, आणि ताटात लिंबाची फोड किंवा आवळा असला, तर वनस्पतीजन्य लोह शरीरात अधिक शोषले जाते. याउलट जेवणाच्या मागोमाग घेतलेला चहा हेच लोह अडवून धरतो. जेवण आणि चहा यांच्यात एक-दोन तासांचे अंतर ठेवावे, एवढीच ही बिनखर्चाची सुधारणा आहे. पण ती किती घरांत होते? लोहाची गोळीही चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. तिने शौचास काळे होते, त्याने घाबरण्याचे कारण नाही. मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी. आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही, शरीरातील साठा भरून येईपर्यंत, आणखी सुमारे तीन महिने ती डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावी. अंगात थोडी तरतरी आली की गोळ्या बंद करण्याची जी सर्वत्र रीत आहे, तिच्यामुळेच तोच रक्तक्षय पुन्हा उद्भवतो.

पाळीत रक्त फार जाते हे सांगण्याचा संकोच आणि सर्वांची पाने आटोपल्यावर उरले ते खाण्याची जुनी रीत, या दोन गोष्टींना गोळीत उत्तर नाही. ते घरच्यांनीच दिले पाहिजे.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की घरातील आई, बहीण, पत्नी, सून किंवा कामाला येणाऱ्या बाई यांपैकी कोणीही थकवा बोलून दाखविला, तर औषधाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी त्यांच्या रक्ताच्या तपासणीची तजवीज करावी, आणि तिचा कागद हाती घेऊन डॉक्टरांना कारण विचारावे.